देवघराच्या भिंतीला टेकवलेला अ‍ॅम्प्लिफायर

बेंगळूरात, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात मडकं घ्यायचं असो, पितळी घागर असो की फणस, बायका आधी अनुसूयाबाईंना हाक मारत. बोटाच्या पेरानं एक टकटक, कान जरासा कलता, आणि निकाल. "हे नको, बुडाशी चीर आहे." दुकानदार शपथा घेई, बायका मडकं उन्हात धरून बघत, चीर काही दिसत नसे. आणि न ऐकता घरी नेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याखाली तळं. एकदा तर शेजारच्या विमलाला बघायला आलेल्या मुलाची खोकल्याची एकच उबळ त्यांनी भिंतीपलीकडून ऐकली आणि "याला दमा आहे" म्हणून सांगून टाकलं. विमलानं लग्न त्याच्याशीच केलं, आणि दोघं त्याच घरात राहिली. दमाही निघाला.

त्यामुळं धाकट्या मुलाला, हयवदनला, बेस गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडायची वेळ आली, तेव्हा अनुसूयाबाईंनी पदर खोचला.

"आवाजाचीच वस्तू ना ती? मग मी येते. तुला काय कळतंय त्यातलं."

अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द त्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता.

साल सहासष्ट. कँटोन्मेंटच्या बाजूला तेव्हा ज्याला त्याला बँड काढायचा होता. हयवदन टेलिफोनच्या कारखान्यात हंगामी कामाला होता, आणि तिथला एक सोबती कुटुंबकबिल्यासह ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तो जाताना आपली बेस गिटार याच्या गळ्यात घालून गेला. लांबलचक, जड, बैलाच्या वेसणीएवढ्या जाड चार तारांची. आणि आवाज? विजेशिवाय काही नाही. तार छेडली की भिंतीवर पाल सरकावी तेवढं ऐकू येई.

सासरे भीमाचार्य मात्र या वाद्यावर खूष होते. वय ऐंशीच्या घरात, कान केव्हाच गेलेले. नातू तासन्‌तास तारा छेडतोय आणि घरात कुणी तक्रार करत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं वाटत होतं मलाच ऐकू येत नाही. हे वाद्य बरं आहे. कुणालाच येत नाही."

पण बँडवाल्या मुलांची अट होती. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलास तर नाताळच्या नाचाला तूच वाजवायचंस. आणि इकडे हयवदनच्या वडिलांनी, गुरुराजांनी, भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्याच्यासाठी जागा ठरवून ठेवली होती. कायमची नोकरी, वर राहायला क्वार्टर. थोरला प्रल्हाद तिथंच होता. मुलाचं म्हणणं सरळ होतं. "बँडमध्ये घेतलं तर मी बेंगळूर सोडणार नाही, अम्मा. नाही घेतलं तर जातो. मग इथं राहून करू काय?"

अनुसूयाबाईंना बँडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रल्हाद भिलाईहून वर्षातून एकदा यायचा आणि पानावर बसून म्हणायचा, "वा, सार काय छान झालंय." पाहुण्यासारखा. पोटचं पोर घरातल्या साराची तारीफ करायला लागलं की ते आता आपलं राहिलं नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. हयवदन अजून स्वैपाकघरात येऊन झाकणं उचलायचा आणि "परत दोडका?" म्हणून तोंड वाकडं करायचा. ते वाकडं तोंड त्यांना भिलाईला पाठवायचं नव्हतं.

पहिला प्रयोग त्यांना न विचारता झाला. गुरुराजांचा रेडिओ म्हणजे घरातलं दुसरं देवघर. वर विणलेला रुमाल, आणि बटणाला हात फक्त त्यांचाच. रेडिओच्या पाठीमागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात, ती हयवदनला सापडली. दशमीच्या संध्याकाळी त्यानं तिथं गिटार जोडली आणि सगळ्यात जाड तार एकदाच ओढली. रेडिओ फर्रर्र म्हणाला. बस, एवढंच. हयवदननं वायर काढली, रुमाल सरळ केला आणि बाहेर जाऊन बसला.

गुरुराज ऑफिसातून आले, कॉफी घेतली, बातम्या लावल्या. दिल्लीहून बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या तोंडात कुणीतरी ओले पोहे कोंबल्यासारखं झालं होतं.

"पडसं झालंय बिचाऱ्याला," गुरुराज म्हणाले.

मग धारवाडहून गाणं लागलं. गाणारीलाही पडसं. मग शेतकऱ्यांसाठी बाजारभाव लागले, त्यातली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही नाकातून आले.

"दिल्लीपासून धारवाडपर्यंत सगळ्यांना पडसं?" असं म्हणत त्यांनी मान वळवली, तर दारात हयवदनचा चेहरा. काही विचारायची गरजच उरली नाही. त्यांनी रेडिओ उघडला. आतल्या स्पीकरचा कागदी पडदा उभा फाटला होता. गुरुराज बराच वेळ त्या फाटलेल्या कागदाकडे असे बघत राहिले, जसं काही कुणी घरचंच गेलंय.

"परवा द्वादशी," ते शेवटी वडिलांकडे बघत म्हणाले. "पारण्याआधी अण्णा प्रसाद बघतील. भिलाईला जायचं की नाही ते देवच सांगेल. त्यावर मग एक अक्षर नाही."

या घरात प्रसाद बघितल्याशिवाय मोठं काही होत नसे. कोकणात याला कौल लावणं म्हणतात. देवघरातल्या मुख्यप्राणाच्या, म्हणजे मारुतीरायाच्या, तांब्याच्या मूर्तीच्या दोन खांद्यांवर गंधाच्या बोटानं दोन फुलं टेकवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हे घर बनशंकरीत न बांधता जयनगरात बांधलं तेही एका डाव्या फुलामुळं.

अनुसूयाबाईंनी विचार केला. फुलाचं काही आपल्या हातात नाही. पण डावं पडलं आणि अ‍ॅम्प्लिफायर नाही, असं झालं तर हसं व्हायचं. तेव्हा एकादशीच्या दिवशी, पोटात पाण्याचा थेंब नसताना, त्या मुलाला घेऊन बळेपेटेत फत्तेसिंगांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

फत्तेसिंग लग्नामुंजींना, उत्सवांना आणि निवडणुकांना कर्णे भाड्यानं देत.

"या अक्का. मुंज का निवडणूक?"

"गिटार," हयवदन म्हणाला.

फत्तेसिंगांनी गिटार उलटसुलट करून पाहिली. "बाकीच्या दोन तारा?"

"चारच असतात याला."

"कोण म्हणालं? विकणारा?"

त्यांनी एक चकचकीत कर्णा पुढं केला आणि माइक अनुसूयाबाईंच्या हातात दिला. त्यांनी देवाच्या पदाच्या दोन ओळी म्हटल्या. आवाज असा खणखणीत निघाला की रस्त्यावरची गाय थांबली आणि समोरचा बांगडीवाला ताठ बसला.

"घंटा आहे घंटा," त्या हरखून म्हणाल्या. "हाच घे."

हयवदननं गिटार जोडली. कर्ण्यातून पत्र्याच्या डब्यात मांजर शिंकल्यासारखा आवाज आला.

"वाद्यच आजारी आहे, अक्का," फत्तेसिंगांनी निदान केलं.

"आजारी नाही," हयवदन कळवळून म्हणाला. "अम्मा, याचा आवाज खूप खालचा असतो. तो कर्ण्यातून येतच नाही. मोठा पडदा लागतो, मोठं खोकं लागतं. नाहीतर रेडिओचं झालं तेच होणार."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? कुठं आहेत खोकी?"

मागच्या खोलीत खोकी होती. आता अनुसूयाबाई आपल्या राज्यात आल्या. त्यांनी पेर वाकवलं. टकटक. "हे बोलतंय खूप, पण आत काही नाही. पुढाऱ्यासारखं." टकटक. "याच्या पाठीची फळी सुटलीय." फत्तेसिंगांनी खोकं फिरवलं, फळी खरंच लोंबत होती. ते बाईंकडे बघतच राहिले आणि दोन पावलं मागं सरकले, उगाच आपल्यावर टकटक व्हायला नको.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक बुटक्या कपाटाएवढं धूड होतं. देवनहळ्ळीच्या बाजूला फिरणाऱ्या एका तंबूतल्या सिनेमाचं ते होतं, तंबू मोडला तेव्हा इथं येऊन पडलेलं. बाईंनी टकटक केली. उत्तर नाही. परत केली. खोक्यानं ती गिळून टाकली, ढेकरसुद्धा दिला नाही.

"जोड," त्या म्हणाल्या.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आतले काचेचे दिवे तापून लाल व्हायला वेळ लागतो. ते झाले. हयवदननं जाड तार ओढली. कानाला ऐकू आलं असं म्हणवत नाही. पण अनुसूयाबाईंच्या उपाशी पोटात काहीतरी गोल फिरलं, मनगटावरच्या बांगड्या आपोआप किणकिणल्या, आणि वर टांगलेल्या कर्ण्यांनी वर्षभराची धूळ फत्तेसिंगांच्या डोक्यावर सोडली.

"हाच," त्या म्हणाल्या.

"अक्का, हा अख्ख्या तंबूसाठी आहे. घरात..."

"आमच्या मामंजींना ऐकू येत नाही. त्यांनाही येऊ दे."

"सरी, बरंय," फत्तेसिंग डोकं झटकत म्हणाले. "चार दिवस ठेवून बघा. पण भिंतीपासून स्वल्प लांब हं."

हा सल्ला पाळणं शक्य नव्हतं. एवढ्या धुडाला लागणारी विजेच्या मोठ्या पिनांची जागा घरात एकच होती, दिवाणखान्याच्या देवघराकडच्या भिंतीत. खोकं हातगाडीवरून आलं आणि त्या भिंतीला पाठ लावून बसलं. गुरुराज ओसरीवर उपासानं गळून बसले होते. भांडायची ताकद नव्हती.

"हे काय, कपाट?"

"अ‍ॅम्प्लिफायर," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"रेडिओ खाल्ला तो?"

"हा खात नाही."

"उद्या उजवं पडू दे. ज्या गाडीवरून आलं त्याच गाडीवरून परत."

द्वादशी उजाडली. या खेपेची द्वादशी तोकडी होती. ऊन अंगणात उतरलं की संपणार, त्याआधी पारणं सुटलं पाहिजे. बाईंनी सोवळ्यात सगळं रांधून ठेवलं होतं. हादग्याची भाजी, आवळ्याची कोशिंबीर, वाफाळतं सार. वासानंच डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पण फूल पडल्याशिवाय पान वाढायचं नाही.

भीमाचार्य देवघरात बसले होते. गुरुराज मागं विहिरीवर स्नानाला गेलेले. अनुसूयाबाई खोक्यापाशी आल्या. निवडलेली वस्तू घरी आणून वाजवून बघायची नाही म्हणजे त्यांच्या बोटांना खाज.

"एकदाच वाजव. घरात कसा लागतो बघू."

"अज्जा आत आहेत, अम्मा."

"त्यांना कुठं ऐकू येतंय? हळू. स्वल्पच."

हयवदननं स्वल्पच वाजवलं. बादलीतल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठली आणि विरली. बाईंनी समाधानानं मान हलवली. तेवढ्यात देवघराच्या दारात भीमाचार्य येऊन उभे राहिले. चेहरा धुतलेल्या धोतरासारखा पांढरा.

"उजवं," ते म्हणाले.

अनुसूयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मधल्या भिंतीकडे पाहिलं. पायाखालची फरशी गेली. आपण निवडलेल्या, आपण आणलेल्या, आपणच आत्ता वाजवायला लावलेल्या वस्तूनं आपलं पोर भिलाईला घालवलं.

गुरुराज डोकं पुसत आले. "काय पडलं?"

"उजवं," हयवदन म्हणाला.

"झालं तर. आजच तार करतो. पानं वाढा."

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण देवाला कौल लावला असताना सुनेनं भिंतीपलीकडून धक्का दिला, हे सोवळ्यात उभं राहून सांगायचं कसं?

"मामंजी, परत बघा," त्या सासऱ्यांच्या कानाशी ओरडल्या. "वारा आला असेल."

"देवघराला खिडकी नाही," गुरुराज म्हणाले. "वारा आला कुठून?"

आणि भीमाचार्य, ज्यांनी जन्मात देवाला एक गोष्ट दोनदा विचारली नव्हती, घाईघाईनं म्हणाले, "हो, हो, वाराच असेल. परत बघतो." आणि आत जाऊन बसले. गुरुराज तोंड उघडं ठेवून ओसरीवर गेले.

बाई आता हिशेबाला लागल्या. खोकं देवाच्या उजव्या खांद्यामागं होतं, उजवं पडलं. डाव्या खांद्यामागं सरकवलं की डावं पडेल. त्यांनी कंबर लावली. धूड कुरकुरत सरकलं.

"अम्मा, हे पाप आहे," हयवदन कुजबुजला.

"तू वाजव. पाप माझं."

त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. आवाजाची कळ कमी करायची ती त्यानं दुसरीकडे फिरवली.

पुढं जे झालं त्याला वाजवणं म्हणत नाहीत. स्वैपाकघरातली भांडी फळीवरून चालत कडेपर्यंत आली. भिंतीवरच्या पणजोबांनी मान तिरकी केली. शेजारी विमलाच्या घरात काहीतरी पडलं, मग आणखी काहीतरी पडलं. देवघरात तबकातले शाळिग्राम एकमेकांवर आपटायला लागले. दोन्ही फुलं एकदम उडाली. आणि तांब्याचा मारुतीराया सावकाश, थरथरत, अर्धा गोल फिरला आणि भीमाचार्यांकडे पाठ करून उभा राहिला.

म्हातारा बाहेर आला तो भिंतीचा आधार घेत. समोर खोकं दिसलं त्यावरच बसला.

"अनुसूये, कुणाला सांगू नकोस," ते कुजबुजले. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं ते, ओसरीवर आणि कंपाउंडपलीकडे सहज पोचलं. "मी उजव्या फुलाला गंध थापून लावलं होतं. पडूच नये म्हणून. पोर जाऊ नये म्हणून. तरी देवानं ते पाडलं. दुसऱ्यांदा त्याहून जाड थापलं. तर त्यानं माझ्याकडे पाठ केली."

ज्या सासऱ्यांनी पळीभर पाण्यातसुद्धा कधी खोट केली नव्हती, ते देवाला चंदनानं चिकटवत होते. मग बाईंचे डोळे भरले. कारण म्हातारा थरथर कापत होता, आणि त्याला कापवणारी वस्तू त्याच्याच बुडाखाली होती.

"मामंजी, देव नाही फिरला," त्या ओरडल्या. "मी फिरवला."

"काय?"

"मी. या खोक्यानं. हयवदन वाजवतो, भिंत हलते, फूल पडतं."

"फूल कुठं?"

"मी पाडलं," त्यांनी जीव खाऊन ओरडून सांगितलं. "दोन्ही वेळा. मीच."

कंपाउंडवरून विमलाचं डोकं वर आलं. "ऐकलं, अनुसूयक्का. सगळ्या रस्त्यानं ऐकलं. पण आमच्या लोणच्याच्या बरण्या कुणी पाडल्या, तेही सांगून टाका."

गुरुराज दारात उभे होते. ते वडिलांकडे बघत, बायकोकडे बघत, मग परत वडिलांकडे.

"माझ्या घरात," ते हळू म्हणाले, "देवाला पुढून चंदनानं बांधतात आणि मागून खोक्यानं ढकलतात."

त्यांनी पुढं होऊन खोक्याची पिन उपटली. मग आत जाऊन देवाला सरळ केलं, वडिलांना हाताला धरून पाटावर बसवलं आणि म्हणाले, "आता नीट. दोन्हीकडे सारखं गंध. आम्ही सगळे इथं समोर बसतो."

भीमाचार्यांनी फुलं टेकवली. प्रश्न विचारला. सगळ्यांनी हात जोडले.

फुलं जागची हलेनात. सार निवायला लागलं. गुरुराजांच्या पोटात कावळे ओरडले ते सगळ्यांना ऐकू आले.

"अण्णा, सारखं लावलंय ना?" त्यांनी खुणा करून विचारलं.

"सारखं. दोन्हीकडे भरपूर."

"भरपूर कशाला?"

"आता देवाच्या कामात कंजुषी नको म्हटलं."

गंध वाळत चाललं होतं. ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून अंगणात उतरायला लागलं. गुरुराजांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा झाकलेल्या पातेल्यांकडे, एकदा मुलाकडे. हयवदन मान खाली घालून बसला होता. मग ते उठले, दिवाणखान्यात गेले आणि पिन भिंतीत परत घातली.

"हयवदना," ताटात मीठ मागावं तसं ते म्हणाले, "स्वल्प वाजव."

"अप्पा?"

"हळू. देवाला नुसती आठवण करून द्यायची."

हयवदननं गिटार घेतली. पण दिवे तापेपर्यंत काही होणार नव्हतं. ते सगळे देवघराच्या दारात हात जोडून उभे राहिले आणि खोक्याकडे बघत राहिले. भीमाचार्यसुद्धा पाटावरून वळून दाराकडेच बघत होते. काचेत काळपट लाली आली, ती वाढली.

"पेटले," गुरुराज म्हणाले.

हयवदननं तार ओढली. अगदी हळू. फरशीतून काहीतरी मऊ सरकत गेलं.

सगळे वळले. दोन्ही फुलं देवाच्या पायाशी, शेजारी शेजारी पडली होती.

"आधी कुठलं पडलं?" भीमाचार्यांनी विचारलं.

हयवदन तारांकडे बघायला लागला. अनुसूयाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एका सकाळीला पुरेल एवढं पाप त्यांचं करून झालं होतं.

"डावं," गुरुराज म्हणाले.

"नक्की?"

"मी बघत होतो, अण्णा. डावं आधी." ते पाटावर जाऊन बसले आणि पान पुढं ओढलं. "वाढ ग. द्वादशी जाईल."

अनुसूयाबाई वाढायला वाकल्या. दिवे पेटले म्हणून सांगणारे हेच, आणि तार ओढेपर्यंत त्यांची नजर खोक्यावरून हलली नव्हती, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गुरुराज मान वर करत नव्हते. बाईंनी त्यांच्या पानात भाजी जरा जास्त वाढली, आणि पुढं गेल्या.